ग्राउंडवर बसवलेली मेंढरं

प्रिय अंगदभैय्या,

फोन केला की तू 'बरं हाय' म्हणून ठेवून देतोस, म्हणून पत्रच लिहायला बसले. आधी चांगली बातमी सांगते. कॉलेजातला पोरींचा फुटबॉल संघ बंद होत नाही, आणि मी वडवणीतच राहतेय. आता चहा ठेव आणि पुढचं सावकाश वाच.

तुला माहीतच आहे, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं. माय थकली, म्हणून यंदा भाकरी टाकायला मी सोबत जायचं असं अप्पांनी ठरवलं होतं. आमच्यात पोरी मोजून अकरा. एक गेली की प्राचार्य पोरींचा संघ मोडणार, पोरांचा तेवढा ठेवणार. ज्या खेळापायी अप्पांशी भांडून तू घर सोडलंस, तोच माझ्याही हातून जाणार म्हणून मी लई रडले.

आणि सोमवारी सकाळी, परळीचे दोन्ही संघ यायच्या दिवशी, ग्राउंडवर जाऊन बघते तर आपली सगळी मेंढरं तिथं बसवलेली. अप्पा मधोमध काठीला टेकून उभे. फक्कीच्या रेषा गायब, जिकडंतिकडं लेंड्या. आपल्या फुटबॉलच्या सरांनी कपाळावर हात मारून घेतला. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं. आम्ही पोरं-पोरी खराटे घेऊन झाडायला लागलो, तर अप्पाच चिडले. मेंढरं रानात बसवा म्हणून लोक मागं लागतात, धान्य देतात, अन् तुमी एवढं खत झाडून टाकताय कावून, म्हणाले. त्यांना वाटलेलं, गवत दाट आलं की पोरी पडल्या तरी गुडघे फुटणार नाहीत. माझे गुडघे त्यांनी कधी बघितले कुणास ठाऊक.

भैय्या, अप्पा फुकटात फक्त आपल्या माणसाच्या रानात मेंढरं बसवतात. खराटा हातात असतानाच मला कळलं, आता मला कुणी नेत नाही. घरी गेल्यावर ते मायला म्हणाले, सिदूमामा येतोय सोबत भाकरी टाकायला, तेजीला शिकू द्या, खेळू द्या. मी मायच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

आम्ही हरलो, पोरं जिंकली. अप्पा दोन्ही मॅच शेवटपर्यंत बसून होते. उठताना त्यांनी सरांना हळूच विचारलं, आमचा अंगद पण असाच पळायचा का. सर म्हणाले, यांच्यापेक्षा जोरात. रविवारी मेंढरं मांजरसुंब्याला असतील, तिथं ये, हे माझं सांगणं. अप्पांनी मला एवढंच लिहायला सांगितलंय, की मी त्याला खेळताना एकदापण बघितलं न्हाई.

तुझीच वाट बघणारी,
तेजू