जहाजावरचं आडनाव

ह्यूस्टन, २ सप्टेंबर १९४३

ती. सासूबाईंना आयलीनचा नमस्कार, वि. वि.

आरमाराच्या कचेरीतून पत्र आलं. ग्वादालकनालच्या लढाईत पेटलेल्या डेकवरही डॉइलने तोफ सोडली नाही म्हणून त्याच्या माघारी पदक दिलं ना, आता नव्या युद्धनौकेला त्याचं नाव देताहेत, 'रॅग्सडेल'. ती पाण्यात सोडताना रीतीप्रमाणे तिच्या नाळेवर शॅम्पेनची बाटली मी फोडायची, कारण मी त्याची बायको.

आई, बाहेरून कळण्याआधी मीच सांगते. नोव्हेंबरात मी क्लाइडशी लग्न करतेय. गोदीत वेल्डर आहे, मनाने चांगला आहे. तीन महिन्यांच्या संसारावर हा मान मी कुठल्या तोंडाने घेऊ? बाटली तुम्ही फोडा, मी येत नाही. पण मला तोडू नका.

तुमचीच,
आयलीन

प्रेस्कॉट, आर्कन्सॉ, ९ सप्टेंबर

चि. आयलीनला आशीर्वाद.

खोटं कशाला बोलू, पत्र तुला आलं हे वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं खस्ता मी खाल्ल्या आणि मान तुला! क्लाइडचं वाचून तर दिवसभर चूल पेटवली नाही.

मग आठवलं, मी बाप्टिस्ट. जन्मात दारूला शिवले नाही. चारचौघांत बाटली हातात घेतली तर पाद्रीबुवा काय म्हणतील? तेव्हा तूच फोड. पहिल्या दणक्यात फुटायला हवी, नाहीतर खलाशी अपशकुन मानतात. कुंपणाच्या खांबावर सोड्याच्या बाटल्या फोडून हात बसव. मी शेजारी उभी राहीन. क्लाइडलाही आण, बघू तरी कोण आहे तो.

लोभ आहेच, उगाच रडू नकोस.
ओरा रॅग्सडेल

प्रेस्कॉट, १४ नोव्हेंबर

चि. सौ. आयलीन आणि क्लाइड यांना अनेक आशीर्वाद.

लग्नाचा फोटो पोचला. त्या दिवशी गोदीत बाटली एका फटक्यात फोडलीस खरी, पण निम्मी शॅम्पेन माझ्या कोटावर! रविवारी चर्चमध्ये बायका नाकं मुरडत होत्या. पाद्रीबुवांना सांगितलं, हा माझ्या लेकाच्या बारशाचा वास आहे. कोट धुतला नाही, धुणारही नाही.

जहाज घसरत पाण्यात गेलं तेव्हा मी डॉइलला जपून जा म्हणून ओरडले. लोक बघत राहिले, क्लाइडने तेवढी टोपी काढली. तिथेच तो मला आवडला.

पाकिटावर तुझं नवं आडनाव लिहिताना हात अडखळला. मग म्हटलं, रॅग्सडेल हे नाव वाहायला आता तेराशे टन लोखंड आहे. पोरी, तू ते खुशाल खाली ठेव. पत्र मात्र आईलाच घालतेस, हे विसरू नकोस.

तुझी,
आई