बटणची मावशी

२ सप्टेंबर, मंगळवार

परवानगी मिळाली! शनिवारी एक तास. स्वतःच्या नातीला भेटायला परवानगी — पण आज चिडायचं नाही असं ठरवलंय. वर्षापूर्वी लेकीने आमच्याशी भांडून पोरीला दुसऱ्या गावी नेलं, तिथे दारूपायी स्वतःची आबाळ केली, पोरीचीही केली. शेवटी बालकल्याण कार्यालयाने आमच्या बटणला उचलून दुसऱ्या घरात सांभाळायला ठेवलं. आम्हाला कळलं तेच मुळात उशिरा.

चष्मेवाल्या अधिकारी बाईंना मी एवढंच म्हणाले, "तासभर तरी भेटू द्या. तुम्ही म्हणाल तेव्हा, म्हणाल तिथे." इतक्या पडत्या आवाजात मी आयुष्यात बोलले नसेन. बाहेर आल्यावर हे म्हणतात, "माझ्याशी कधी बोलणार असं?"

उपचार केंद्रात लेकीला फोन केला. आवाज बरा वाटला. म्हणाली, "आई, बटणला तुझ्याकडेच आण. मी कोर्टात तसंच सांगणार आहे." ओठांवर आलेलं सगळं गिळलं. नुसतं "जेवलीस का?" विचारलं.

६ सप्टेंबर, शनिवार

केवढी उंच झालीय! जन्मली तेव्हा बटणाएवढी, म्हणून बटण. मी अंदाजाने फ्रॉक शिवून नेला होता, तो आखूड पडला. जन्मभर शिलाई केली, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की माप सांगते — आणि नातीचंच चुकलं! डोळ्यांसमोर वर्षापूर्वीचीच होती ना.

माझ्याकडे आलीच नाही. जिच्या घरी ठेवलीय त्या बाईच्या मागे लपून, "मावशी, घरी चल ना." मावशी! कुठली मावशी? माझ्या लेकीला बहीण नाही.

ह्यांनी मात्र खुर्च्या एकामागे एक लावल्या, पुढच्या खुर्चीवर बसले आणि निघाली बस. इतकी वर्षं बस चालवली ती सत्कारणी लागली म्हणायची. बटण मागच्या खुर्चीवर बसून खिदळत होती. मी फ्रॉक मांडीवर घेऊन बसून राहिले. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

निघताना ती बाई म्हणाली, "फ्रॉक द्या ना. खालची दुमड उसवली की होईल." खरंच होण्यासारखं होतं. म्हणून जास्तच राग आला.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज आपणहून माझ्या मांडीवर बसली. फ्रॉक तोच घातला होता. आज आणखी काही लिहायचं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

परवा बटण दिवसभर आपल्या घरी! चष्मेवाल्या बाई सोबत असणार. त्या काय सांगतात त्यावर कोर्ट ताबा द्यायचा की नाही ते ठरवणार. "तुमचं वय झालंय" हे त्या दोनदा म्हणाल्या. "आणि घरात शिलाईचं काम. सुया, कात्र्या... लहान मूल आहे, विचार करा."

केला विचार. सकाळपासून घर रिकामं करतेय. टाचण्या, रिळं, चिंध्यांची गाठोडी, सगळं हद्दपार. शेवटी शिलाई मशीनसुद्धा शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे नेऊन ठेवलं. हे म्हणाले, "मशीन कशाला? ते काय चावतं?" चावलं तर? कोर्टाला काय सांगू? खोली आता दवाखान्यासारखी दिसतेय. दिसू दे.

सांभाळणाऱ्या त्या बाईचा फोन आला. बटणला भाजी कशी बारीक चिरून लागते, आंघोळीला पाणी कसं लागतं... ऐकून घेतलं. मग म्हणते, "दुपारी झोपवताना मी रिकामं वॉशिंग मशीन चालू ठेवते. नाहीतर झोपतच नाही." वा रे वा! म्हणे वॉशिंग मशीन. लाडांना काही सीमा? फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं, आपल्याकडे धुणं हाताने धुतात आणि झोप डोळ्यांनी येते.

२० सप्टेंबर, शनिवार

भांडी तशीच ठेवून लिहायला बसले.

जेवणापर्यंत सगळं छान. बसचा खेळ झाला, दोन घास जास्त खाल्ले. मग डोळे पेंगुळले आणि रडं सुरू. खिडकीजवळच्या कोपऱ्यात गेली, तिथेच उभी राहिली. रिकाम्या भिंतीला हात लावून म्हणाली, "हे आजीचं घर नाही." मी थोपटलं, गाणं म्हटलं, ह्यांनी नकला केल्या. छे! चष्मेवाल्या बाई लिहीत होत्या. संपलं सगळं असं वाटलं.

आणि एकदम डोक्यात आलं — वॉशिंग मशीन! तो कोपरा! माझ्याकडे होती तेव्हा दुपारी ती तिथेच झोपायची, शिलाई मशीनच्या शेजारी गोधडीवर, आणि मी काम करत असायचे. ती घरघर! पोर वर्षभर तीच मागत होती आणि मी शहाणी ती उचलून शेजारी ठेवून आले!

मी ओरडलेच, "अहो, मशीन आणा!" हे आणि इस्त्रीवाला धापा टाकत घेऊन आले. बाई म्हणाल्या, "पण सुई..." सुई काढली, त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "आता काय टोचेल?" बसले आणि रिकामंच मशीन चालवलं. बटण गप्प झाली. गोधडीवर आडवी झाली, माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं. पाय दुखायला लागले तरी थांबले नाही. झोपली! माझी बटण माझ्या घरात झोपली!

बाईंनी चष्मा पुसला. जाताना हळूच म्हणाल्या, "सुया-कात्र्यांसाठी कुलपाचं कपाट करून घ्या." वयाचं काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी सांभाळणाऱ्या त्या बाईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तिला तुमची आठवण येत होती, आणि मी आपली वीज जाळत होते." दोघी हसलो. नंतर मी रडले. परक्या लेकरासाठी रोज दुपारी रिकामं मशीन लावून बसायची ती. आणि मी लाड म्हणाले.

३० सप्टेंबर, मंगळवार

ताबा मिळाला!! लेक फोनवर नुसती "आई, आई" म्हणत होती. ह्यांनी भर कोर्टाबाहेर तोंडाने बसचा हॉर्न वाजवला. इतकी लाज वाटली! आणखी एकदा वाजवायला लावला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बटण आली. ती बाई कपड्यांची पिशवी देऊन उंबऱ्याबाहेरच थांबली. खाली बघत म्हणाली, "महिन्यातून एकदा, तासभर तरी भेटू द्याल का? तुम्ही म्हणाल तेव्हा..." तो पडता आवाज माझ्या चांगला ओळखीचा. म्हटलं, "मावशीला कसली परवानगी? आत या आधी. तिची झोपायची वेळ झालीय — मशीन आज तुम्ही चालवा."