भातगिरणीतलं पाळणाघर

पनवेल, ता. १२ मार्च १९५४

ती. सोनावहिनी,
चंद्रावतीचा नमस्कार घ्या, दादालाही सांगा. तुम्ही पाठवलेले सुके बोंबील पोचले. निम्मे सासूबाईंनीच संपवले.

आता बातमी ऐका. आम्ही गिरणीमालकाला हरवलं! अहो, खरंच!

पन्नासावर बायका कामाला असल्या, तर त्यांच्या लहान पोरांसाठी गिरणीत खोली पाहिजे, असा सरकारी कायदा आहे. आम्ही तर कितीतरी जास्त. पण तपासणीचे साहेब आले, की मुकादम निम्म्या जणींना गोदामात दडवायचा. गेल्या महिन्यातही तेच केलं. आम्ही पोत्यांमागे गप्प. साहेब चहाला बसले, आणि सासूबाई उठून दार ढकलून सरळ बाहेर! मागोमाग आम्ही सगळ्या, हातात सुपं, केसांत भाताचा कोंडा. सासूबाई म्हणाल्या,

"सायेब, आमी बी हितंच राबतो. आमाला बी मोजा."

मालक म्हणतो कसा, "ह्या भात घ्यायला आल्यात."

"मंग रोज सकाली हजेरी कोनाची घेतोस? तुज्या आयची?"

मेला मालक! तोंड असं पडलं! साहेबांनी तिथल्या तिथे त्याला कायदा ऐकवला. मग मालकाने पोत्यांची खोली रिकामी करून चुना मारला, पाळणे टांगले, पोरं सांभाळायला बाई ठेवली. मुकादम आता सासूबाईंना अहोजाहो करतो.

वहिनी, जनी कशी आहे? मागच्या खेपेला ती मला 'पनवेलची आत्या' म्हणाली. तुम्ही सगळे हसलात, मीही हसले. घरी येऊन मात्र खूप रडले.

आमचे हे मिठागरावर, आम्ही सासू-सून गिरणीत, पोर ठेवायची कुठे? म्हणून तुमच्या ओटीत घातली. तुम्ही तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलंत. तुमच्या घरात दुसरं मूल नाही, हे मला कळतं हो. म्हणून तर हे पत्र लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं.

रविवारी मी जनीला न्यायला येतेय. तुम्हीही चला, ती रुळेपर्यंत राहा. रडेल, मला मारेल. मारू दे. सोमवारी तिला कडेवर घेऊन मी गिरणीच्या पुढच्या दाराने आत जाणार आहे.

माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण तिला तयार ठेवा.

तुमची नणंद,
जनीची आई
चंद्रावती