मशीनची अडवलेली जागा

ता. ९, मंगळवार

टिचके,

मावशीचा आशीर्वाद. मी ठणठणीत. गुडघा कुरकुरतो, पण तो पहिल्यापासूनच आगाऊ. तुझे काका दिवसभर फोटोंच्या फ्रेमा ठोकतात, बोट ठोकलं की मला हाका मारतात. तू नव्या नोकरीत वेळेवर जेवत जा.

कळवायचं एवढंच, की स्टुडिओतला कॉम्प्युटर दुरुस्त झाला.

तू गेल्यावरही तो बंद पडतच होता. अल्बमची वीस पानं झाली की सगळं गायब. शेवटी दुरुस्तीवाला बोलावला. म्हटलं, "भाषण नको, दोष सांग."

तो म्हणाला, "मावशी, मेमरी म्हणजे कामाचं टेबल. टेबल भरलं की मशीन अर्धवट कामं डिस्कवरच्या राखीव जागेत सरकवतं, फळीवर ठेवल्यासारखी. ती फळीच कुणीतरी काढून टाकलीय. सेटिंग बंद आहे."

"कुणी?"

"ते मशीन सांगत नाही."

काका माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, हातोडीकडे बघा.

आता ऐक. मशीनवर सारखं यायचं, जागा संपत आली. तू जेवायला गेली होतीस. मी शोधत गेले, तर एवढी मोठी जागा नुसती अडवलेली. फुकट! मला रिकामं काही बघवत नाही, तुला माहीतच आहे. दिली बंद करून. मशीनने काहीतरी विचारलं, मी न वाचता हो म्हटलं. तुला सांगायचं राहून गेलं.

राहून गेलं नाही. सांगितलं नाही.

शाळेच्या मोठ्या बाईंसमोर त्यांचा अल्बम तिसऱ्यांदा उडाला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तरी तोंडातून निघालं, "हिच्या हातालाच यश नाही." तू उठलीस. किल्ल्या काउंटरवर ठेवल्यास. त्यात घराचीही होती, ते मी नंतर बघितलं.

दुरुस्तीवाल्याने सेटिंग परत लावली. म्हणाला, "किती जागा ठेवायची ते मशीनला ठरवू दे. तुम्ही हात लावू नका." मेमरीही वाढवून दिली. काल साठ पानं एका बैठकीत झाली. अल्बम मी स्वतः शाळेत नेला आणि सगळ्या शिक्षकांसमोर बाईंना सांगितलं, त्या दिवशीची चूक माझी, पोरीची नाही.

बाई म्हणाल्या, "हे पोरीला सांगितलंत?"

म्हणून हे पत्र.

तुझ्या टेबलावर काकांनी फ्रेमा रचल्या होत्या, त्या हलवल्या. ये असं म्हणत नाही, तुला नोकरी आहे. पण टेबल रिकामं आहे आणि मी तिथे काही ठेवत नाही. ठेवू देतही नाही.

पाकिटात घराची किल्ली आहे. हरवू नकोस.

तुझ्या हाताला यश आहे.

चुकलेली,
मावशी