तुमच्या बहिणीचा आवाज पकडताना

थोर मेव्हणीबाई इडेलाताई यांस,

ओहायोहून थर्लोचा सादर नमस्कार. तुमचा गुडघा आणि तुमचं मांजर, दोघांची प्रकृती कशी आहे? इकडे मका काढून झाला, लॉरीन ठणठणीत आहे आणि मी होतो तसाच आहे (म्हणजे तुमच्या मते वाईटच).

लॉरीननं गावच्या आगीच्या बंबावरचं बिनपगारी काम सोडावं म्हणून आपण दोघांनी तिच्यामागे टुमणं लावलंय, आणि येत्या रविवारी ती तुम्हाला फोन करून काय ते ठरवणार आहे. 'साठीच्या बाईनं कसले बंब चालवायचे!' हे तुमचंच वाक्य. तोवर जिवाला घोर नको म्हणून मी बंबवाल्यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारा, हातात मावणारा एक नवा स्कॅनर घेतला (तिला सांगितलं, हवामान ऐकायला).

जुन्या स्कॅनरचं सोपं होतं. बंबवाल्यांच्या चॅनेलचा आकडा टाकला की ते बोलायचे. आता जिल्ह्यानं नवीच तऱ्हा काढलीय. पोलीस, बंबवाले, रस्त्यावरचं बर्फ काढणारे, सगळ्यांना मिळून मोजकेच चॅनेल. बोलायचं बटण दाबलं की संगणक त्यातला मोकळा असेल तो देतो. म्हणजे प्रश्न एका चॅनेलवर आणि उत्तर भलत्याच चॅनेलवर. मी शहाण्यासारखे त्या सगळ्या चॅनेलचे आकडे ओळीनं भरले, आणि यंत्र पहिल्याच आकड्यावर जे घरघरायला लागलं ते थांबेचना. मी कान लावून बसलो. म्हटलं, नव्या पद्धतीत माणसं अशीच बोलत असतील. लॉरीन म्हणाली, "हवामान फारच बिघडलेलं दिसतंय हो!"

शेवटी शनिवारी न्याहारीला जमणाऱ्या रेडिओवेड्यांपुढे ते यंत्र ठेवलं. ऑरेन क्लिंगलर पुढ्यातली अंडी सोडून हसत सुटला. "अरे बाबा, हा संगणकाचा चॅनेल! कोण कुठे बोलतंय ते तो सांगतो, पण ते तू नाही ऐकायचं, यंत्रानं ऐकायचं. तू फक्त बंबवाल्यांच्या गटाचा क्रमांक भर. मग ते कुठेही उड्या मारू देत, यंत्र जातं मागोमाग." ज्या कुणी हे काढलं त्याच्या डोक्याला सलाम, ताई!

मंगळवारी दुपारी स्टुट्झमनच्या गोठ्याला आग लागली, आणि आमच्या स्वयंपाकघरात तुमच्या बहिणीचा आवाज लख्ख आला. "पाणी सोडलंय. वेस्ली, छप्पर वाकतंय, बाहेर ये." वेस्ली म्हणे, एक वासरू राहिलंय. "वासरू नंतर. तुझ्या आईला मी काय सांगू? नीघ!" आवाज चढला नाही की कापला नाही, मला पाय पुसून आत या म्हणते ना, अगदी तसाच. तो बाहेर पडला आणि छप्पर खाली आलं. (वासरू मागच्या दारानं आधीच पसार झालं होतं.) माझ्या हातातली बशी पडली. अहो, या बाईशी मी इतकी वर्षं खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून भांडत आलोय! ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

घरी आली ती केसांत राख घेऊनच. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "विशेष काही नाही, थोडं गवत पेटलं होतं. बशी कुणी फोडली?"

तुमचा (निदान या पत्रापुरता) आज्ञाधारक,
थर्लो

ता. क. रविवारी तिचा फोन आला की 'सोडू नकोस' म्हणा. मत बदललं म्हणा, स्वप्नात आई आली म्हणा, काहीही म्हणा. माझं नाव तेवढं काढू नका.

आणखी एक ता. क. मी मात्र तिला 'सोड'च म्हणत राहणार आहे. मी म्हटलं म्हणून तिनं आजवर काहीही सोडलेलं नाही.