नंदूची लुंगी आणि बोमाच्या आईचं कापड

वॉलाँगाँग, ४ ऑगस्ट २०२१

ती. सौ. शोभाताईस,
सा. न. वि. वि.

नंदू घरूनच काम करतो आणि माझं फोनवरचं बोलणं त्याच्या मीटिंगमध्ये जातं, म्हणून हे पत्र. शेजारची बोमा, नर्स आहे ती, कोविड वॉर्डसाठी महिनाभर हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेली. तिचं छत गळतं, म्हणून आईच्या कापडाची पेटी माझ्याकडे ठेवलीय. ती नायजेरियातली कालाबारी. त्यांच्यात आपलं मद्रासचं चौकडीचं कापड पिढ्यान्‌पिढ्या बारशापासून मर्तिकापर्यंत लागतं. हे कळल्यावर मला उगीचच अभिमान वाटला. तिची आई गेल्या वर्षी वारली. १९ सप्टेंबरला झूमवर वर्षश्राद्धासारखं काहीतरी आहे, तेव्हा बोमा हेच नेसणार. नीट सांभाळ, एवढंच म्हणाली.

काल ऊन द्यायला उघडलं तर कापड खाल्लेलं. जिकडेतिकडे धागे गायब, एक कोपरा तेवढा शाबूत. कसर माझ्याच घरात लागली का? तिला कळवू की रफू करू? आणि रफू करून मग कळवणं म्हणजे लपवणंच नाही का?

लोभ आहेच, या वेळी सल्लाही असावा.
तुझी चिन्मयी

टूनगॅबी, १२ ऑगस्ट

चि. चिन्मयीस,
अ. उ. आ.

बँकेतल्या पेनाचं टोपण चुकून घरी आलं म्हणून परत द्यायला गेलेली तू. ती पोरगी माणसं वाचवतेय, तिला कसरीच्या बातम्या कळवू नकोस. मुकाट्याने रफू कर. बाजारचा दोरा नको, चौकडीला चौकडीचाच लागतो. मी चेन्नईहून नंदूला लुंगी आणली होती ना, तिच्यातले धागे काढ. मीटिंगमध्ये तुझ्या नवऱ्याला कमरेखाली कोण बघतंय?

ओरडते तरी जीव तुझ्यातच आहे, हे धरून चाल.
ताई

वॉलाँगाँग, ७ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सहाशे बारा भोकं बुजवली. लुंगीचा लाल जरा भडक निघाला, पण लांबून कळत नाही. आज बोमा परत आली. कुंपणावरून कापड उलगडून दाखवलं. तिने कापडावरून बोट फिरवलं. मग विचारलं, सगळी बुजवलीस? मला वाटलं कौतुक. म्हटलं, नो वरीज, राहिली असतील तर संध्याकाळपर्यंत बुजवते.

ताई, ती कसर नव्हती. त्यांच्या बायका चौकडीतले ठरावीक धागे ब्लेडने कापून ओढून काढतात. मग नवी नक्षी उमटते आणि कापड त्यांचं होतं. पेलेते बिते म्हणतात त्याला. आई चार वर्षं कापत होती. तो एक कोपरा राहिला, कारण ती वारली. बोमाला हे काम येत नाही. बारा दिवस उरलेत. तिने उलट मलाच जेवलीस का विचारलं. ते जास्त लागलं.

लोभ ठेवण्यासारखं मी काही केलेलं नाही, तरी ठेव.
चिन्मयी

टूनगॅबी, १० सप्टेंबर

चि. चिन्मयीस,
अ. उ. आ.

सल्ला माझा, म्हणजे निम्मं पाप माझं. आता ऐक. लाल भडक निघाला ना? मग जिथे भडक, तिथे तिच्या आईचं ब्लेड फिरलेलं. तेवढेच धागे ओढून काढा. तुला रंग जुळवता आला नाही याचा आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला. लॉकडाउनमध्ये आम्हाला फिरायला एक तास मिळतो, त्यातली चाळीस मिनिटं तुझे भाऊजी बूट शोधतात.

तुझ्या चुकांसकट तुझीच,
ताई

वॉलाँगाँग, २० सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पाच दिवस कुंपणाच्या दोन बाजूंना मास्क लावून बसलो. मी भडक धागे ओढायचे आणि बोमा बघायची, आईने कुठे दोन धागे सोडून कापलंय, कुठे तीन. शनिवारी तिने ब्लेड घेतलं आणि तो राहिलेला कोपरा स्वतः कापला. मी लिंबाच्या झाडाकडे बघत राहिले.

छत अजून गळतंच, म्हणून काल ती लॅपटॉप घेऊन अंगणात बसली. झूमवर तिच्या पोर्ट हारकोर्टच्या मोठ्या मावशींनी सगळं कापड, कोपऱ्यासकट, कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं आणि डोळे पुसले. तेवढ्यात मागे आमच्या अंगणात नंदू मेथीला पाणी घालायला आला, त्याच लुंगीत. मावशींनी प्रार्थना थांबवून विचारलं, हा कोणाचा मुलगा, आणि याचं कापड कोणी कापलं? बोमाने माझं नाव सांगितलं. मावशी म्हणाल्या, हात कच्चा आहे, पण बाई चिवट दिसते, दर रविवारी शिकायला बसव.

मी लुंगी कशासाठी उसवली होती हे मावशींना सांगायला नको का? बोमा म्हणते, वर्षभराने सांग, तोवर नीट कापायला शिकशील.

लोभ वाढला तर उत्तम. आणि सीमा उघडल्यावर चेन्नईहून कोणी येणार असेल तर दोन लुंग्या मागव. नंदूसाठी नकोत.
तुझी चिन्मयी