ठुमकीची चाल

रविवार, १० जून २००७. भुकूम

आज मला ओळखलं! मला म्हणजे माझ्या शेळीला. एकूण एकच.

सकाळी दूध आणायला गोजराबाईंकडे गेलो. म्हशीची धार चालली होती, म्हणून ओट्यावर बसून कालच्या पेपराच्या कडेला शेळी काढत बसलो — सवयीनं. त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी मुलगी जिना उतरली. किमया नाव. हिंजवडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर कार्टून फिल्म करते. माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि थबकली.

"काका, ही ठुमकी ना? तुम्हाला कशी काय येते?"

"मीच केली ती. सरकारी फिल्म खात्यात होतो. अडुसष्ट साल."

पोरगी पायरीवर मटकन बसली. त्यांच्या कॉलेजात पहिल्याच तासाला ठुमकी दाखवतात म्हणे. तीन पावलं, एक उडी, मग मागे वळून बघायचं — येतंय ना कुणी? 'जेवणाआधी हात धुवा' एवढं सांगायला केलेली साडेतीन मिनिटांची शेळी. चित्रं तर आम्ही तेव्हाच पुसून टाकली होती — काचेसारखे ते कागद महाग, धुऊन पुन्हा वापरायचे. मला वाटत होतं, सगळं त्या पाण्याबरोबर मोरीत गेलं.

गोजराबाई म्हणाल्या, "आन् आमी म्हनायचो, म्हातारा पेपर नासतोय."

दूध तिथंच राहिलं. सूनबाईनं विचारलं तर नुसता हसत सुटलो.

सोमवार, ११ जून

वय चौऱ्याहत्तर. आंघोळ करताना शीळ घातली. सौरभ दाराबाहेरून विचारतो, "बाबा, बरं आहे ना?"

शुक्रवार, १५ जून

किमयानं कंपनीत नेलं. कंपनीची गाडी थेट दारात! चौकात पाऊण तास अडकलो, मला अजून दोन तास चाललं असतं.

सतरा पोरं-पोरी, प्रत्येकापुढे पडदा. त्यांचा एक हत्ती आहे. अंगावरची सुरकुती न् सुरकुती काढलीय, पण चालतो फुग्यासारखा. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, "सुरेख आहे. पण वजन कुठंय याचं?"

एक मुलगा म्हणाला, "सर, तेच सापडत नाहीये. तीन आठवडे झाले."

सर! रिटायर झाल्यावर पहिल्यांदा.

शनिवार, २३ जून

सतराच्या सतरा जणांना गोजराबाईंच्या बांधावर उभं केलं. बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येत होत्या. पोरांना सांगितलं, भारा बघू नका, कंबर बघा. पाऊल टेकतं, गुडघा किंचित वाकतो, मग कंबर बसते, मान मात्र हलत नाही. पोरं वह्या काढून चिखलात उकिडवी बसली.

बाई थांबल्या. "काय बगताय रं? तुमच्यात कुनी चालत न्हाई व्हय?"

मी कारण सांगितलं. मग बाईंनी स्वतःहून चार वेळा ये-जा केली. पाचव्यांदा भारा एका पोराच्या डोक्यावर दिला. तो दहा पावलांत बसला.

गुरुवार, २८ जून

हत्ती जमिनीवर आला! किमयानं गोजराबाईंना लॅपटॉपवर दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "माज्यावानी चालतीया खरी. पर पदर कुटं हाय हिचा?"

शुक्रवार, ६ जुलै

कंपनीत शिकवण्यासाठी नवी खोली केलीय. तिला माझं नाव देणार! पाटीचा नमुनाही दाखवला — 'ठुमकीच्या चालीचे जनक.' मी दर सोमवारी शिकवायचं. पेढे वाटले. किमया म्हणाली, "काका, आमच्या पिढीला चालायला तुम्ही शिकवलंत."

घरी आलो. सौरभनं मिठी मारली. शाळेत असताना त्याच्या वाट्याला मी फारसा आलोच नाही — सदा टेबलाला चिकटलेला. आज म्हणाला, "आता कळलं, कशासाठी बसायचात."

शनिवार, ७ जुलै

सौरभनं पेढ्यांचा डबा पुढे केला, मी मागे सारला.

मंगळवार, १० जुलै

सांगून टाकलं. किमयाला ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, "चाल माझी नाही."

तिला वाटलं, विनय आहे.

मग सगळंच बोललो. आमच्या खात्यात अनसूया नावाची बाई रंग भरायला होती. कासारसाईची. माझी ठुमकी लाकडासारखी चालायची. एका दुपारी मी जेवायला गेलो असताना ती माझ्या टेबलापाशी बसली आणि बत्तीस चित्रं काढली. लहानपणी तिच्या घरी शेळ्या होत्या, तशी. साहेबांनी पाहिलं. "वा चंद्रकांत!" म्हणाले. मी "थँक्यू सर" म्हटलं. एवढंच. अनसूया समोर उभी होती, हातात रंगाची वाटी. नंतर चार वर्षं आम्ही एकाच खोलीत काम केलं. मी तिच्याकडे नीट बघितलं नाही. मग तिची बदली झाली.

किमया म्हणाली, "काका, कासारसाई इथून तासाभरावर आहे."

"ठाऊक आहे. इथं येऊन सहा वर्षं झाली. त्या रस्त्याला कधी गेलो नाही."

"त्या आहेत का?"

"विचारायची छाती झाली नाही."

ती उठून वर गेली. पाटी थांबवायला तिनंच कंपनीत फोन केला.

रविवार, १५ जुलै

गेलो. किमयाच्या स्कूटीवर मागे, रेनकोट घालून. धरणाच्या अलीकडे एका दुकानात विचारलं, त्यांनी घर दाखवलं. अनसूया दारातच शेंगा फोडत होती. मला बघून उठली नाही.

"चंद्रकांत न्हवं का तुमी? केस गेलं की सगळं."

तोंडपाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. म्हटलं, "ती चाल तुमची होती."

"मला ठावं हाय." शेंगा फोडणं चालूच. "तुमाला आत्ता कळलं व्हय?"

"तेव्हाच कळलं होतं."

हात थांबला. "मंग लई उशीर केलासा. चार वरसं वाट बगितली मी. रोज वाटायचं, आज साह्यबाकडं जाऊन सांगतील."

मी मान खाली घातली. 'माफ करा' म्हणालो, ते मलाच धड ऐकू आलं नाही. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

किमयानं वही पुढे केली. "आजी, एकदा काढाल?" लहान मुलीनं फ्रॉकला पुसावेत तसे अनसूयानं पदराला हात पुसले. पेन्सिल घेतली. एक, दोन, तीन, चार... बारा चित्रं, खोडरबर न मागता. किमयानं पानं फर्रकन उलटली आणि ठुमकी चालली.

किमया रडायला लागली. मी हसायला लागलो, थांबेचना. एकोणचाळीस वर्षांनी एवढं हलकं वाटलं. अनसूया आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, "शेंगा खावा."

सोमवार, २३ जुलै

नव्या खोलीवर अनसूयाबाईंचं नाव. आज पहिला तास त्यांनी घेतला. हजेरीपटावर अठरावं नाव माझं.